परिचारिकेची शाळा निवडताना

बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूर भागातील अनेक बौद्ध कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहतो : मुलीला नर्सिंगला घालावे काय, आणि घालावे तर कोणत्या शाळेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र डोळसपणे शोधले पाहिजे.

काही वडीलधारी मंडळी विचारतात, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण काढली, आता लेकीनेही तेच करावे काय? हा प्रश्न रास्त आहे. मेलेली जनावरे ओढणे महारांच्या आणि बाळंतपणात नाळ कापणे मांगिणीच्या माथी जन्मानेच मारलेले होते. त्यात शिक्षण नव्हते, मान नव्हता आणि नकार देण्याची मुभाही नव्हती. परिचारिकेचे काम जन्माने नव्हे, विद्येने मिळते. औषधाची मात्रा जाणणे, जंतुसंसर्ग रोखणे, प्रसूतीतील धोका वेळीच ओळखणे ही विद्या आहे. परंतु जी शाळा ही विद्या न देता केवळ कागद देते, ती आपल्या मुलीला पुन्हा त्याच जुन्या जागी नेऊन उभी करते, हे विसरता कामा नये.

म्हणून पालकांनी प्रथम अभ्यासक्रम नीट समजून घ्यावा. बारावीनंतर ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, केवळ मुलींसाठी असलेला अभ्यासक्रम आहे, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा असून तो मुलांनाही खुला आहे. हे शिक्षण मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते. सहा महिन्यांचा रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम ही लबाडी नव्हे. त्यातूनही पोटापाण्याचे काम मिळते. मात्र त्याने परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. तोच अभ्यासक्रम नर्सिंग या नावाने गळ्यात मारणे ही उघड फसवणूक होय.

फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चालू वर्षाच्या मान्यतेचा लेखी आदेश. त्याची खातरजमा खुद्द परिषदेकडेच करावी. दुसरी, प्रात्यक्षिकाचे रुग्णालय. नांदेडला विष्णुपुरी येथे आणि लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. शाळेच्या विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या कक्षांत आणि किती दिवस काम शिकतात, हे विचारावे व स्वतः जाऊन पाहावे. रुग्ण नसलेल्या इमारतीत परिचारिका घडत नाही. तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. धर्मांतरामुळे अडलेल्या केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रमालाच मिळते; तेव्हा जी शाळा शिष्यवृत्तीचे नाव काढताच विषय बदलते, तिच्याविषयी अधिक चौकशी करावी.

बंधु-भगिनींनो, कर्ज काढून, दागिना मोडून भरलेली फी परत मिळवता येईल. मुलीची गेलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत. चौकशी करणे हा कोणावर अविश्वास नव्हे. तो आपला हक्क आहे. कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये, पारखून घ्यावे, हीच तथागताची शिकवण आहे. शाळा निवडतानाही तिचे पालन करावे.