नाव पिशवीला की वचनाला?

अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले दुधनी हे तुरीच्या व्यापाराचे गाव आहे. सोलापूर-वाडी लोहमार्गावरील या गावाच्या बाजारपेठेत मराठी व कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. हंगामात आसपासच्या काळ्या रानातील तूर येथे येते. मूठभर दाणे तळहातावर पारखले जातात, सौदा होतो, पोती शिवली जातात. आणि त्याच क्षणी ती तूर कोणत्या शिवारातील व कोणाच्या कष्टाची, ही ओळख पुसली जाते. मुंबई-पुण्याच्या गृहिणीच्या डब्यात ती पोहोचते ती केवळ 'तूरडाळ' म्हणून. निनावी मालाला निनावी भाव मिळतो, यात नवल नाही.

हे शल्य शेतकऱ्यांना जाणवू लागले आहे, हे सुचिन्ह होय. 2020 साली केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली, तेव्हापासून गावोगावी असे गट निघाले आहेत. परंतु गट स्थापन झाला की पुष्कळदा पहिली घाई होते ती रंगीत पिशवी छापण्याची. नाव ठरते, चित्र ठरते, समारंभ होतो. आत काय भरावयाचे याचा विचार मात्र मागाहून होतो. हा क्रम उलटा आहे. पिशवीला नाव देणे एका दिवसाचे काम आहे. ते नाव लोकांच्या मनात प्रिय होणे हे वर्षानुवर्षांच्या वागणुकीचे फळ आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईतील गिरगावात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी तयार झाली अवघी चार पाकिटे. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी खाट व शेगडी आणून पापड वाळविण्याची सोय करण्यात आली. याच उद्योगातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली व आज हजारो भगिनी तिच्या सभासद आहेत.

आरंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत : एक उत्तम आणि दुसरा हलका, स्वस्तात विकावयाचा. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितले की, प्रत एकच ठेवावी आणि तिच्यात कधीही तडजोड करू नये. भांडवल ऐंशी रुपयांचे असताना हलक्या मालाची विक्री सोडणे सोपे नव्हते. तरीही ती सोडली गेली, आणि नावाचा खरा पाया तेथे घातला गेला.

संस्थेची कामाची रीतही मननीय आहे. पीठ एके ठिकाणी मळले जाते. भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि वाळवून परत आणून देतात. लाटणारे हात हजारो असले तरी चव एकच राहते, कारण पिठाची प्रत एका जागी सांभाळली जाते. नफा-तोट्यात सर्व भगिनींचा वाटा असतो. म्हणूनच गिऱ्हाईक तो पापड विकत घेते तेव्हा उडदाच्या चवीबरोबरच स्वाभिमानाने मिळविलेल्या भाकरीविषयीचा आदरही त्यात असतो. मालापलीकडे गेलेले नाव ते हेच. हा आदर जाहिरातीने विकत मिळत नाही; तो संस्थेच्या आचरणातून येतो.

सोलापूर जिल्ह्यालाही नावाचे मोल नवे नाही. सोलापुरी चादर व मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सीमेपलीकडे कलबुर्गीच्या तूरडाळीला ते 2019 साली मिळाले. त्या नावाचा हक्क नोंदणीतील क्षेत्रापुरता आहे. सीमेच्या अलीकडील शेतकऱ्यास तो नाही. परंतु मानांकन हे कुंपण आहे, पीक नव्हे. नावाची चोरी झाल्यास कायद्याची दाद त्याने मागता येते. नावावरील प्रेम मात्र कायद्याने निर्माण होत नाही.

मग दुधनी परिसरातील गटांनी काय करावे? प्रथम, गटातील सर्वांनी एकच वाण पेरावा. बीडीएन 711 चा पांढरा दाणा आणि बीएसएमआर 736 चा तांबडा दाणा एका पोत्यात आले, तर डाळ एकसारखी होत नाही व एकसारखी शिजतही नाही. दुसरे, तूर बारा टक्क्यांहून अधिक ओलाव्याची घेऊ नये आणि तिची चाळणी व सफाई एकाच ठिकाणी करावी. पेरणी घरोघर, पण पारख एका जागी, हा पापडाचा धडा येथे तंतोतंत लागू पडतो. तिसरे, प्रत्येक पोत्यावर सभासदाचा क्रमांक टाकून त्याची नोंद वहीत ठेवावी, म्हणजे दोष कोठून आला ते कळेल. चौथे, डाळीला कृत्रिम रंग वा तेला-पाण्याची चकाकी देऊ नये, आणि हे पिशवीवर स्पष्ट लिहावे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ठरलेल्या प्रतीत न बसणारे पोते परत पाठविण्याचे धैर्य गटात असले पाहिजे. मग ते पोते सरपंचाचे असो, अध्यक्षाचे असो वा भावकीतल्या माणसाचे असो. एकाच्या भिडेखातर घेतलेले किडके पोते शंभरांच्या नावाला बट्टा लावते. तसेच गिऱ्हाइकाने खराब पिशवी परत आणली तर वाद न घालता ती बदलून द्यावी. चूक झाल्यावर विक्रेता कसा वागतो, हेच गिऱ्हाईक दीर्घकाळ लक्षात ठेवते.

यावर शेतकरी म्हणेल की, सुगीला हाती पैसा नसतो. सावकाराचा तगादा आणि मुलीचे लग्न नाव होईपर्यंत थांबत नाहीत. हा आक्षेप खरा आहे व तो उडवून लावणे अन्यायाचे होईल. म्हणूनच सारा माल नावाखाली विकण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या वर्षी दहावा हिस्साच निवडून ठेवावा. उरलेल्या मालासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. ज्या बाजार समित्या ती राबवितात, तेथे तूर गोदामात ठेवून तिच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. शंभर किलो तुरीतून चांगल्या गिरणीत साधारणतः सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ निघते. दळणावळ, पिशवी व वाहतूक यांचा खर्च धरून हिशेब आधीच मांडावा. खर्च निघत नसेल, तर केवळ हौसेपोटी पिशवी काढू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही आपल्या कामाचे माप बदलावयास हवे. किती गट नोंदले व किती पिशव्यांचे प्रकाशन झाले, यापेक्षा किती गटांनी सदोष पोते परत पाठविले आणि किती गिऱ्हाइके दुसऱ्या वर्षी पुन्हा आली, हे त्यांनी विचारावे. येत्या सुगीपूर्वी गटाची बैठक बोलावून प्रतीचे नियम ठरवावेत, ते मराठीत व कानडीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि वजनकाट्याशेजारी लावावेत. पिशवीवर कोणते चित्र असावे, हा विषय त्या बैठकीत शेवटी घेतला तरी चालेल.