तंबूपुरती जमीन

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजीत योसेमिटीचे खोरे आहे. १८६४ साली लिंकनच्या सहीने ते सार्वजनिक उपभोगासाठी राखून राज्याकडे सोपवण्यात आले आणि १८९० साली भोवतालचा डोंगराळ मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. भांडवलशाहीच्या माहेरघरी सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर जमीन बाजाराबाहेर राहावी, ही गोष्ट समाजवाद्यांनी हेटाळण्याजोगी खचितच नाही. परंतु जमीन सार्वजनिक झाली म्हणजे तिच्यावर रात्र काढण्याची संधी सर्वांना सारखी मिळते, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी तेथे तंबूसाठी जागा मिळवून पाहावी.

उद्यानाला वर्षाकाठी सुमारे चाळीस लाख लोक भेट देतात आणि त्यांतील बहुतेकांची ओढ बाराएक किलोमीटर लांबीच्या त्या खोऱ्याकडेच असते. तेथील ‘पाइन्स’ तळांवर तंबूच्या एका जागेचे भाडे रात्रीला ३६ डॉलर आहे व तीत सहा माणसे राहू शकतात. त्याच खोऱ्यातील १९२७ सालच्या अहवानी हॉटेलात एका खोलीला पाचशे डॉलरही बहुधा पुरत नाहीत. बाजारवादी पंडित सांगतील, तंबूचे भाडे वाढवा, टंचाई आपोआप संपेल. टंचाई संपेल हे खरे. गरीब प्रवासीही संपेल. भाडे कमी ठेवण्याचे धोरण म्हणून योग्यच आहे.

पण भाव गोठवला की वाटपाचा प्रश्न सुटत नाही, तो रांगेत जाऊन उभा राहतो. बहुतेक जागांची नोंदणी पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सात वाजता संगणकावर उघडते आणि उन्हाळ्यातील जागा काही मिनिटांत संपतात. आपल्याकडे तत्काळ तिकिटासाठी झटणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. पाच महिन्यांनंतरची रजा आज ठरवणे सॅन होजेच्या संगणक-अभियंत्याला जमते (त्यांत मराठी कुटुंबेही आली). डोंगराच्या पायथ्याशी सॅन वाकीनच्या खोऱ्यात फळे तोडणाऱ्या मजुराला पुढच्या आठवड्यात काम कोठे असेल हेच ठाऊक नसते. पैशाने होणारी निवड टाळली, तिची जागा निश्चित रजेने आणि वेगवान यंत्राने घेतली.

नॉर्थ पाइन्स तळासाठी सोडतीचाही प्रयोग झाला. रांगेपेक्षा सोडत न्याय्य, यात शंका नाही. मात्र अर्जाचे शुल्क हरणाऱ्यालाही परत मिळत नाही. ही नोंदणीव्यवस्था बूझ ॲलन हॅमिल्टन ही खासगी कंपनी सरकारी कंत्राटावर चालवते आणि तिला व्यवहारागणिक मोबदला मिळतो. जमीन जनतेची, दारावरची खिडकी कंपनीची! उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ सरकारने उद्यानसेवेतील सुमारे एक हजार कर्मचाऱ्यांना काढले, तेव्हा योसेमिटीला ऐन उन्हाळ्यातील एका महिन्याची नोंदणी लांबणीवर टाकावी लागली. तळ झाडणारा, शौचकूप साफ ठेवणारा, अस्वलांपासून अन्न सांभाळण्यास शिकवणारा नोकरवर्ग नसेल तर सार्वजनिक जमीन कागदावरच सार्वजनिक राहते.

जागाही घटल्या आहेत. जानेवारी १९९७ च्या महापुरात मर्सेड नदीकाठचे तळ उद्ध्वस्त झाले, शेकडो जागा गेल्या. नदीला तिचा काठ परत देणे चूक नव्हते. त्यानंतर ‘कॅम्प फोर’ या गिर्यारोहकांच्या साध्या तळालगत नवी बांधकामे करण्याचा घाट घालण्यात आला, तो टॉम फ्रॉस्ट प्रभृती गिर्यारोहकांनी न्यायालयात जाऊन रोखला आणि २००३ साली त्या तळाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली. तेथे पूर्वी पहाटे रांगेत उभे राहून जागा मिळे. आता हंगामात तीही आठवडाभर आधी संगणकावरच घ्यावी लागते. काही जागा प्रत्यक्ष येणाऱ्यासाठी ठेवणे आणि उरलेल्यांची विनाशुल्क सोडत काढणे, एवढी सुधारणा तरी प्रशासनाला अशक्य नाही.

ज्याला उद्यानात जागा मिळत नाही त्याला बाहेरच्या राष्ट्रीय वनांचा आधार असतो. पश्चिमेला स्टॅनिस्लॉस व सिएरा, पूर्वेला इन्यो. तेथे नेमलेल्या तळांबाहेरही, बंदी नसेल तेथे, साधारणतः चौदा दिवस विनामूल्य तंबू ठोकता येतो. चूल पेटवायची तर परवाना लागतो आणि वणव्याच्या दिवसांत तीही बंद. मर्सेड शहरातून उद्यानात सार्वजनिक बस जाते, पण या वनांतील मोकळ्या जागा गाठायला मोटार लागते. शिवाय तंबू विरंगुळ्याचा असावा लागतो. त्यालाच घर करणे वनखात्याच्या नियमांनी निषिद्ध आहे. शहरांची स्थिती निराळी नाही. २८ जून २०२४ रोजी ग्रँट्स पास खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, उघड्यावर मुक्काम करणाऱ्या बेघरांना शिक्षा करणे घटनाबाह्य नाही. कापड तेच, दोऱ्या त्याच. ज्याला परतायला घर आहे त्याचा तो छंद, ज्याला नाही त्याचा गुन्हा.

आणि ज्यांचे हे घरच होते? १८५१ साली मारिपोसा पलटणीने अहवानीची लोकांना खोऱ्यातून हुसकले. जे परतले ते उद्यानात नोकरी असेपर्यंतच राहू शकत. वाहोगा या त्यांच्या अखेरच्या वस्तीतील घरे १९६९ पर्यंत पाडली, जाळली गेली. २०१८ साली त्या जागी पारंपरिक विधींसाठी वास्तू उभारण्यास त्यांच्या वंशजांना करारान्वये परवानगी मिळाली. ती जागा ‘कॅम्प फोर’च्या पश्चिमेला अगदी लागून आहे.