थकव्यावर बाटलीचा उतारा?

मैत्रिणींनो, घरातला फ्रिज एकदा उघडून बघा. दाराच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी एखादी लालभडक छोटी बाटली किंवा निळा डबा उभा दिसतो का? आमच्या शहापुरात तो आता बऱ्याच घरांत दिसतो. कॉलेजात जाणाऱ्या पोराचा असेल म्हणून आपण दार लावून घेतो. विचारलं की कळतं, पोराचा नाही, बाबांचा आहे. आणि हल्ली आईचाही असतो!

आमचं गाव भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचं. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात इंजिनिअरिंग कॉलेज, शिवाय रोज नागपूर-भंडारा अप-डाऊन करणारे नोकरदार. कोणाची पाळी रात्रीची, कोणाची बस पहाटेची. टपरीवर चहाच्या जोडीला ही 'एनर्जी'ची बाटली आली त्यात नवल नाही. पण ती शिलाई मशीनच्या फळीवर, पार्लरच्या आरशासमोर आणि शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये दिसायला लागली, तेव्हा मात्र मला त्यावर बोलावंसं वाटू लागलं.

आमच्या बचत गटात एक जण आहे. दोन लहान मुलं, दिवसभर घर, दुपारनंतर शिवणकाम. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत तर ब्लाउजांचा ढीग. ती सांगत होती, "काय करू जी ताई, चार वाजले की आंगात जीवच राह्यत नाही. हे पेलं का मंग रात्री अकरापर्यंत मशीन चालते." मी म्हटलं, आणि झोप? तर म्हणाली, "झोप कुठची जी, दोन वाजतात." सकाळी साडेपाचला पाणी येतं म्हणून उठायचंच. म्हणजे साडेतीन तासांची झोप, आणि ती भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाटली.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितकी झोप येते. आता थांब, असा तो शरीराचा निरोप असतो. कॅफिन काय करतं, तर त्या निरोपाच्या दारात जाऊन बसतं. थकवा कमी होत नाही, थकल्याची बातमी फक्त आत पोचत नाही. पण पोस्टमनला फाटकातच अडवलं म्हणून पत्रातला मजकूर बदलतो का? आणि हे कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला घेतलेलं रात्री नऊला निम्मं शिल्लकच असतं. मग डोळा लागेल कसा!

या पेयांचा जन्मही गमतीचा आहे. थायलंडमध्ये १९७०च्या दशकात ट्रकचालक आणि मजुरांसाठी असं एक गोड, जागं ठेवणारं पेय निघालं. तिथे आलेल्या एका ऑस्ट्रियन व्यापाऱ्याला ते आवडलं आणि १९८७ मध्ये तेच 'रेड बुल' होऊन युरोपात आलं. म्हणजे रात्रभर ट्रक हाकणाऱ्यांची सोय होती ती. बायांनो, आपण कधीपासून ट्रक हाकायला लागलो? (तसं बघितलं तर हाकतोच म्हणा. फक्त त्याला क्लीनर नसतो.)

हे पेय म्हणजे विष आहे, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात एका लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५, साधारण कप-दोन कप चहाइतकं. पण आपण चहा सोडून बाटली घेत नाही ना, चहा आहेच! सकाळचा, पाहुण्यांसोबतचा, मशीनवरचा, सासऱ्यांसाठी टाकलेला म्हणून घोटभर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. ती कधी ओलांडली ते कळतही नाही. साखरेचंही तसंच. रेड बुलच्या पाव लिटरच्या डब्यात २७ ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. एका डब्यात दिवसाचा कोटा खलास.

बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. मुलांसाठी नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी नाही, कॅफिन सोसत नाही त्यांच्यासाठी नाही, आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नाही. एवढं सगळं 'नाही' लिहिलेली वस्तू आपण पाण्यासारखी पितो. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर ४० टक्के जीएसटी आहे, आलिशान मोटारींवर असतो तेवढा. हौस म्हणावी तर तीही महागच.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. दुपारी चारला अंगात जीव राहत नाही, याचं कारण कोणी शोधलं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे आपल्या भिशीत दहा जणी असतील तर पाच-सहांच्या अंगात पुरेसं रक्तच नाही. जिना चढताना धाप, केस गळणं, पाय दुखणं, चिडचिड, ही सगळी त्याची लक्षणं आपण 'वय झालं' या खात्यात टाकतो. त्यावर कॅफिन घेणं म्हणजे गाडीतलं तेल संपल्याचा लाल दिवा लागला की त्यावर टिकली चिकटवणं! आधी उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. आशाताईंना विचारा. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. थकवा तरीही हटत नसेल तर थायरॉईड आणि साखर तपासून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या झाडीपट्टीत काय कमी आहे? जवसाची चटणी, फुटाणे-गूळ, भिजवलेले शेंगदाणे, शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी, उन्हाळ्यात ताक. भाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. रोवणीला जाणाऱ्या बाया दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावतात, पण त्या डबा घेऊन जातात आणि दुपारी बांधावर बसून पोटभर जेवतात. घरात बसलेली बाई मात्र सगळ्यांचं झाल्यावर तीन वाजता उरलेला भात खाते आणि चारला बाटली उघडते. आपण वेळेवर जेवतो का, एवढंच जरी पाहिलं तरी पुष्कळ.

राहिली झोप. ती बाजारात मिळत नाही, घरातूनच काढावी लागते. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८. भांडण करा असं मी सुचवत नाही, पण हे दोन आकडे जेवताना घरात मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे? पाणी भरणं, मुलांचे डबे, रात्रीचा ओटा यातलं एक काम जरी दुसऱ्याकडे गेलं तरी तासभर झोप वाढते. शिवणकामाच्या तारखा देतानाही 'उद्या' ऐवजी 'परवा' म्हणायला शिकलं पाहिजे. गिऱ्हाईक जात नाही, अनुभव आहे.

आणि पोरं बघत असतात हो. जुलै २०२४ मध्ये आपल्या विधान परिषदेत अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जाहीर केलं होतं, की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जादा कॅफिनची पेयं विकायला बंदी आणू. लिथुआनिया देशाने तर २०१४ पासूनच अठरा वर्षांखालच्यांना ती विकायला मनाई केली आहे. चांगलंच आहे. पण आपल्या गावांत शाळेपासून ५०० मीटर म्हणजे जवळजवळ सगळं गावच की! आपलं स्वयंपाकघरही त्यातच येतं. तिथल्या फ्रिजवर कोणता इन्स्पेक्टर धाड घालणार? आईबाबा दमले की ती बाटली उघडतात, हे पाहिलेल्या सातवीतल्या मुलाने परीक्षेच्या रात्री तीच मागितली तर त्याला काय सांगायचं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला उपकेंद्राच्या सिस्टरना बोलावलंय. आधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन, मग हप्त्याची वसुली. मशीनवाली मैत्रीणही यायला तयार झाली आहे. जवसाची चटणी कोणी करून आणायची यावर मात्र वाद चालू आहे, कारण प्रत्येकीला आपलीच चांगली वाटते.