यंत्राचे वय आणि शब्दाची पत

उन्हाळ्याची चाहूल लागली की घरोघरी एसीच्या जाळ्या धुवायला निघतात आणि एक प्रश्न हमखास पुढे येतो, "हा आपण घेतला तरी कधी?" एक जण म्हणतो थोरल्याच्या लग्नात, दुसरा म्हणतो त्यानंतरच्या दिवाळीत. केवळ साफसफाई करायची असेल तोवर हा वाद गमतीचा असतो. मात्र कॉम्प्रेसर बदलायचा की यंत्रच बदलायचे, किंवा जुन्या यंत्राची किंमत किती धरायची, असा प्रश्न उभा राहिला की नक्की वय कळल्यावाचून चालत नाही.

माझ्या भाच्याने सांगलीत एक जुनी सदनिका घ्यायचे ठरवले. विकणारे गृहस्थ परिचयातले, कापडाचे व्यापारी. सदनिकेचा भाव ठरला आणि आतील दीड टनाच्या दोन एसींचे वेगळे चाळीस हजार रुपये ठरले. "२०१८ साली बसवलेत," असे त्यांनी सांगितले होते. यंत्रे दिसायला स्वच्छ होती. इसार देऊन झाला. पुढे साफसफाईसाठी आलेल्या कारागिराने बाहेरचे यंत्र पाहिले आणि तो सहज म्हणाला, "साहेब, हे त्याहून बरेच जुने आहे." भाचा संतापला. "एसीबाबत असे, तर घराच्या कागदांत काय असेल?" असे म्हणून तो व्यवहारच मोडायला निघाला. त्याने इसाराची रक्कम परत मागितली असती, तर दोन घरांचा जुना संबंध त्या दिवशी संपला असता.

मी त्याला एक दिवस थांबायला सांगितले. बँकेत असताना यंत्रतारण कर्जाच्या तपासणीला आम्ही जात असू, तेव्हा मालकाच्या शब्दाचा मान राखूनही यंत्रावरची पट्टी आणि खरेदीचे बिल ताडून पाहण्याची शिस्त होती. तीच शिस्त इथे लावली.

प्रथम आतल्या यंत्रावरचे ताऱ्यांचे लेबल पाहिले. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही योजना २००६ साली सुरू झाली आणि घरगुती एसींना लेबल सक्तीचे झाले ते २०१० साली. जुन्या लेबलांवर कार्यक्षमतेचा आकडा 'ईईआर' या नावाने असे. २०१८ पासून सर्वच एसींना 'आयएसईईआर' हे नवे मोजमाप सक्तीचे झाले. आमच्या दोन्ही लेबलांवर ईईआर होते. म्हणजे यंत्रे २०१८ पूर्वीच्या मोजमापाची.

मग बाहेरच्या यंत्राच्या बाजूची धातूची पट्टी. तिच्यावर मॉडेल, सिरीयल नंबर, विजेचा दाब आणि शीतकारक वायूचे नाव असते. बहुधा निर्मितीचा महिना आणि वर्षही असते, पण आमच्या पट्टीवरचे ते अक्षर पावसापाण्याने पुसले होते. वायू मात्र स्पष्ट वाचता आला : आर-२२. ओझोनच्या थराला हानिकारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने हद्दपार होत असलेला हा वायू. अलीकडच्या घरगुती यंत्रांत प्रायः आर-३२ असतो.

उरला सिरीयल नंबर. त्यात निर्मितीची तारीख दडवण्याची प्रत्येक कंपनीची रीत निराळी. कुठे महिन्यासाठी अक्षर, कुठे वर्षाचे शेवटचे दोन अंक. या कंपनीत पहिला अंक वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे. आमच्या दोन्ही नंबरांचा आरंभ ३०४ असा होता. म्हणजे एप्रिल महिना आणि तीन या अंकाने संपणारे वर्ष. २००३ साली ताऱ्यांचे लेबलच नव्हते, २०२३ साली ईईआर उरले नव्हते. राहिले २०१३. कंपनीच्या ग्राहक सेवेला मॉडेल आणि सिरीयल नंबर कळवला, तेव्हा त्यांनीही तेच वर्ष सांगितले.

आता मी त्या गृहस्थांना दूरध्वनी केला. आरोप केला नाही. "खरेदीचे बिल सापडेल का?" एवढेच विचारले. संध्याकाळी ते स्वतः बिल घेऊन आले. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता, व्हॅटचा टिन क्रमांक होता. १ जुलै २०१७ पूर्वीचे बिल ओळखण्याची ही खूण व्यापारी घराला सांगायला नको. तारीख होती मे २०१३. ते बराच वेळ बिलाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "ही यंत्रे आधी दुकानात होती. दुकानाचे काम काढले तेव्हा घरी आणून बसवली, ते २०१८ साल. माझ्या डोक्यात तेच वर्ष बसले."

'बसवले' हा शब्द खरा होता आणि 'घेतले' असे आपण गृहीत धरले होते. फसवणूक कोणाचीच नव्हती. पण तपासणी झाली नसती, तर चाळीस हजारांपेक्षा मोठी वस्तू हातची गेली असती, ती म्हणजे एका सज्जन माणसाची पत. त्यांनी आपण होऊन यंत्रांचे पैसे सोडून दिले. भाच्याने दहा हजार रुपये आग्रहाने दिले आणि मनातला संशय बोलून दाखवून क्षमा मागितली. सदनिकेचा व्यवहार ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला.

वाचकहो, या प्रसंगातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आतले आणि बाहेरचे यंत्र अशा दोन्ही पट्ट्या पाहाव्यात. एक भाग मागाहून बदललेला असू शकतो. निर्मितीची तारीख आणि खरेदीची तारीख एक नसते. हमीची मुदत सामान्यतः बिलाच्या तारखेपासून मोजतात. जुन्या यंत्राचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. २०१८ च्या कोष्टकात आयएसईईआर ४.५ ला पाच तारे मिळत, जुलै २०२२ पासून त्यासाठी ५ लागू लागले. आणि आर-२२ च्या यंत्रात आर-३२ भरता येत नाही, म्हणून मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी वायूचे नाव अवश्य वाचावे.

आज सवड काढून घरातल्या प्रत्येक एसीच्या पट्टीचे छायाचित्र घ्यावे आणि बिलासोबत एका फाइलीत ठेवावे. यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले, तर ती तारीखही बिलाच्या पाठीवर लिहावी. दुकानाची रोजची नोंद आपण स्मरणावर सोडत नाही. घरातल्या वस्तूंनाही तोच नियम लावला, तर उद्या आपल्या शब्दावर कोणी शंका घेण्याची वेळ येणार नाही.