तोट्याची वही

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पुजतो. जुन्या वहीतला तोटा चारचौघांत कोणी वाचून दाखवत नाही. मराठीत दोघांनी तो दाखवला, आणि त्या दोघांत तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तुकोबांची गाथा आणि १९६३ साली आलेली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ यांचे नाते सांगताना समीक्षक ‘बंडखोरी’वर थांबतात. आम्हांला ते अपुरे वाटते. बंडखोराला आपली बाजू खरी करायची असते. हे दोघे आधी आपले दिवाळे जाहीर करतात. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात देहूच्या वाण्याचा व्यापार बुडाला, पत गेली, पहिली बायको उपासमारीने गेली. आत्मपर अभंगांत हे सगळे येते, त्याची लाजही लपत नाही. ‘कोसला’चा नायक, सांगवीचा पांडुरंग, बापाच्या पैशावर पुण्यात शिकतो, मेसचा कारभार अंगावर ओढवून घेतो आणि शेवटी पदवीविना गावी परततो. मधे धाकटी बहीण मनी जाते. तोवर टवाळीत रमलेले गद्य तिथे उसवते. घरच्यांवरचा राग कुठे संपतो आणि स्वतःवरचा कुठे सुरू होतो, ते कळेनासे होते.

यावर रास्त आक्षेप असा, की तुकोबांना गाऱ्हाणे ऐकायला विठ्ठल होता, पांडुरंगाला (नाव विठ्ठलाचेच असूनही) कोणी नाही. फरक खरा आहे. पण गाथेतला विठ्ठल हाक मारताच धावून येत नाही. तुकोबा त्याच्याशी भांडतात, त्यालाच देणेकरी ठरवून वसुलीला बसतात. त्यांचा हिशेब पुढे मिटला, पांडुरंगाचा मिटत नाही, एवढे मान्य. तरी उत्तराची हमी नसताना खर्चाची बाजू आधी मांडणे, ही रीत एकच. नेमाड्यांनी तुकारामांवर पुस्तक लिहिले म्हणून हे साम्य दिसते, असेही कोणी म्हणेल. ते पुस्तक १९८०चे, ‘कोसला’नंतरचे. वाचनाचा संस्कार आधीचा असू शकतो, पण मनीच्या मरणाची पाने नुसत्या संस्काराने लिहून होत नाहीत.

या दिवाळीत ती पाने आणि गाथेतले दुष्काळाचे अभंग एका बैठकीत वाचा. आमचे म्हणणे पटले नाही, तर तसे सविस्तर कळवा. पुढच्या अंकात छापू.