गावाचं ठरलं, मग माणसाचं काय?

निवडणूक आली की महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून ग्रामदेवतेच्या सभामंडपात बैठक बसते. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, म्हणजे मुंबई मंडळाचा, निरोप आलेला असतो, रस्त्याचा नाहीतर नळपाण्याचा शब्द मिळालेला असतो. पुढे बसलेले चारजण बोलतात, दाराशी उभ्या बायका ऐकतात आणि मत कुणाला द्यायचं ते ‘गावाचं ठरलं’ असं जाहीर होतं.

अमेरिकेतही मत कोऱ्या पाटीवर उमटत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९६० साली ‘द अमेरिकन व्होटर’ या ग्रंथात दाखवून दिलं, की तिथला बहुतेक मतदार धोरणांचा कीस पाडून पक्ष निवडत नाही. पक्षनिष्ठा त्याला बरेचदा आईबापांकडून मिळते. तिकडे घर, इकडे भावकी. यात दोष नाही. दोष आहे तो वेगळं बोलणाऱ्याला वाळीत टाकण्यात. त्याच्या दारात शिमग्याची पालखी थांबत नाही, घरच्या लग्नाला कोणी फिरकत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. रायगडातून अशी प्रकरणं एकामागून एक उजेडात आली. राज्याने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड.

आणि हे कुठे, तर महाडच्या परिसरात! चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव इथल्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. जेवायला बसलेल्या माणसांवर त्या दिवशी लाठ्या पडल्या, तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ झालं, ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावही मागे घेतला. तेव्हाही गावाचं ठरलंच होतं. त्या ठरण्याविरुद्ध सुरेंद्रनाथ टिपणीस उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला भरलेल्या परिषदेत मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांनी मांडला. दोघेही सवर्ण, दोघेही आपल्याच माणसांच्या विरोधात. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नव्हे, एकत्र जगण्याची रीत आहे, हे कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई शिकवत. त्यांचे विद्यार्थी आंबेडकर यांनी ती शिकवण महाडला पणाला लावली. सोबत आलेल्यांचा विश्वास भाषणाने जागा झाला असेल, पण पक्का झाला तो ओंजळ भरून पाणी पिताना आणि नंतरचा मार सोसताना. तळ्याच्या हक्काचा न्यायालयातला निकाल पदरात पडायला १९३७ उजाडलं.

२०२७ साली चवदार तळ्याच्या या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. मंडप पडतील, पुढारी येतील. आमची मागणी साधी आहे. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक गावकीने आणि तिच्या मुंबई मंडळाने त्याआधी लेखी ठराव करावा, की कुणाला मत द्यायचं हा विषय बैठकीत येणार नाही आणि वेगळं मत असलेल्या घराशी व्यवहार बंद होणार नाही. तो बायकांच्याही सह्यांनिशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. न पाळणाऱ्यांवर पोलिसांनी तक्रार येताच गुन्हा नोंदवावा, समेटासाठी पुन्हा त्याच बैठकीकडे पाठवू नये.