मेंदूविज्ञानाची वाट आणि पहिले शील

आपल्या वसतिगृहात पाच-सात वर्षे राहिलेल्या विद्यार्थ्याला पंचशील मुद्दाम पाठ करावे लागत नाही. रोजच्या वंदनेतून ते अंगवळणी पडलेले असते. अशाच एका माजी विद्यार्थिनीने गेल्या उन्हाळ्यात आम्हां शिक्षकांना एक प्रश्न विचारला. बी.एस्सी. झाल्यावर न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूविज्ञान, या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात होते. अभ्यासक्रमात उंदरांवरील प्रयोग आहेत हे तिच्या वाचनात आले आणि ती म्हणाली, "सर, पहिल्या शीलाचे मी काय करू?"

त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच धड उत्तर देता आले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे ऐकू येतात. एक असे की, ज्यात हिंसा आहे तो विषय आपला नव्हे. दुसरे असे की, विज्ञानात शील आणू नये. मुकाट्याने पदवी घ्यावी. आम्हांला दोन्ही अमान्य आहेत. ज्ञानाची दारे ज्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून बंद होती, त्यांच्या मुलांनी आता स्वतःच कडी लावून घ्यावी, हे पहिले उत्तर आम्हांला सोसत नाही. आणि दुसरे उत्तर मुलीच्या प्रश्नाचा अपमान करणारे आहे.

नववीच्या वर्गात आम्ही प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ अशी नावे घालून आकृती काढून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पदव्युत्तर वर्गात तीच आकृती जिवंत होते. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी कशा बोलतात, स्मृती कोठे व कशी टिकते, कंपवातात नेमके काय ढासळते, हे तेथे शिकायचे असते. त्यासाठी जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकाची भाषाही लागते.

हे ज्ञान आले कोठून, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेझर्पिनने निश्चल झालेल्या सशांना आणि उंदरांना डोपा हे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ते प्राणी पुन्हा हालचाल करू लागले. (हे रेझर्पिन आपल्याच सर्पगंधेच्या मुळातून मिळते.) त्या संशोधनातून पुढे कंपवातावरील लेव्होडोपाचा मार्ग निघाला आणि २००० साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आपल्यापैकी कोणाचे आजोबा आज ती गोळी घेत असतील, तर त्या सशांचे ऋण आपल्याही घरात आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आमच्या मते आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. मात्र 'गरज' हा शब्द मोठा निसरडा. पदवी हवी, शोधनिबंध हवा, मार्गदर्शकांनी सांगितले, यांतील एकही गोष्ट गरज ठरत नाही. हाच प्रश्न प्राण्याविना सुटणार नाही ना, इतके प्राणी लागतीलच ना, वेदना याहून कमी करता येणार नाहीत ना, हे दर वेळी विचारावे लागते. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये आपल्या ग्रंथात हीच तीन सूत्रे मांडली. आपल्या देशातही प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची संमती घ्यावी लागते. पण समितीची सही म्हणजे आपल्या मनाची सही नव्हे.

येथे संख्याशास्त्राचा तास आठवतो. प्रयोगात प्राणी फार थोडे घेतले, तर निष्कर्षावर विश्वास ठेवता येत नाही आणि जे मेले ते सगळेच व्यर्थ जातात. गरजेपेक्षा अधिक घेतले, तर वरचे नाहक मरतात. नेमकी संख्या आधी काढणे हे गणित आहे, तसेच ते शीलपालनही आहे, असे आम्ही मुलांना सांगू इच्छितो.

आणि ज्याला प्राण्याला हात लावायचाच नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. डोक्यावर विद्युतअग्रे लावून माणसांच्या मेंदूतील लहरी मोजता येतात; एफएमआरआयने चित्रण होते; संगणकावर चेतापेशींची गणिती प्रतिमाने रचता येतात. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंची पेढी आहे. हैदराबाद विद्यापीठात आणि गांधीनगरच्या आयआयटीत बोधन व मेंदू यांच्या अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तरीही एक गोष्ट लपवू नये. हॉजकिन आणि हक्स्ले यांचे १९५२ मधील प्रसिद्ध गणिती समीकरण समुद्रातील स्क्विड या प्राण्याच्या चेतातंतूवरील मोजमापांवर उभे आहे. संगणकापुढे बसल्याने हात पूर्ण कोरे राहतात असे नाही.

पालकांना एवढेच सांगणे की, ही वाट लांबची आहे. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे, आणि पुढेही नोकरीची हमी नाही. मुलीचे लग्न केव्हा, हा प्रश्न दर दिवाळीला काढून तिचा अभ्यास पोखरू नये. पाठ्यवृत्तीचे पैसे रखडतात तेव्हा खोलीचे भाडे कोण भरणार, याचा विचार माजी विद्यार्थ्यांनी आधीच करून ठेवावा.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता कळवले आहे: अर्ज जरूर भर, आणि मुलाखतीत प्रयोगशाळेविषयी विचारले, तर तुझा प्रश्न तूच प्रथम मांड. ज्या मार्गदर्शकांना तो ऐकून हसू येईल, त्यांच्याकडे जाऊ नकोस. तिची मुलाखत येत्या महिन्यात आहे.